भडका उडण्याआधीची दहा मिनिटे : पाचवी ते दहावीच्या मुलांना भावना सावरायला शाळेत कसे शिकवावे

सहाव्या तासाला एखादा मुलगा बाक ढकलून वर्गाबाहेर निघून जातो आणि मग शिक्षकांच्या खोलीत दिवसभर त्या बाकाचीच चर्चा होते. त्या दिवसाचा धागा मागे नेला तर वेगळे चित्र दिसते. दुसऱ्या तासापासून तो पेनाचे टोपण बाकावर आपटत होता. मधल्या सुट्टीत त्याने डबा उघडलाच नव्हता. बाक ढकलण्याच्या दोन मिनिटे आधी त्याला गणित चुकले म्हणून फळ्याजवळ उभे ठेवले होते. बाक ढकलला गेल्यावर करण्यासारखे फार थोडे उरते, टोपण वाजत असते तेव्हा पुष्कळ काही करता येते. वेळीच लक्ष घालायचे तर शाळेला ते टोपण ऐकू यायला हवे. त्यासाठी काय काय करावे लागते ते इथे क्रमाने दिले आहे. गोव्यातल्या हायस्कुलांमधले मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, समुपदेशक आणि पालक-शिक्षक संघ यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे.

दोन गोष्टी आधी. मेंदूचा पुढचा भाग, जो थांबायला आणि विचार करायला लावतो, तो पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत राहतो. राग, भीती, लाज यांची यंत्रणा मात्र त्याच्या पुष्कळ आधी पूर्ण जोमात असते. म्हणून तेरा वर्षांच्या मुलीला नियम पाठ असतो, पण पारा चढल्यावर तो तिच्या हाती लागत नाही. ही खोडी नव्हे, वय आहे. दुसरे म्हणजे, आयुष्यात होणाऱ्या मानसिक आजारांपैकी जवळपास निम्म्यांची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत झालेली असते. हे वय मुले शाळेत असतानाचे आहे.

सगळ्या शाळेला सभागृहात बसवून तणावावर व्याख्यान दिले की काम झाले, अशी समजूत असेल तर ती आधी सोडावी. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या, ११ ते १३ वर्षांच्या आठ हजारांहून अधिक मुलांबरोबर माइंडफुलनेसच्या, म्हणजे श्वासावर आणि चालू क्षणावर लक्ष ठेवायच्या सरावाच्या, तासांची मोठी चाचणी झाली. मिरियाड नावाच्या या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या शिकवणीपेक्षा त्या तासांनी मुलांच्या मनःस्थितीत काही अधिक सुधारणा झाली नाही. वर्गात शिकवलेले कौशल्य रोजच्या प्रसंगात कुणी वापरून घेतले नाही तर ते वहीतच राहते. त्यामुळे खालचा बराचसा भाग मोठ्यांनी काय करायचे याबद्दल आहे.

सुरुवात पाचवीपासून

सगळीकडे एकदम हात घालायला माणसे नसतील तर पाचवीचे वर्ग निवडा. गोव्यातल्या पुष्कळ मुलांचे चौथीपर्यंतचे शिक्षण गावातल्या छोट्या शाळेत, मराठीत किंवा कोकणीत झालेले असते. पटावर मुले मोजकी, टीचर एकच किंवा दोन, आणि त्या घरच्यांनाही ओळखणाऱ्या. पाचवीत एकाच दिवशी सगळे बदलते. बहुतेक विषयांची पुस्तके इंग्रजी, दर तासाला नवा शिक्षक, दुप्पट-तिप्पट मोठा वर्ग, बालरथाचा म्हणजे शाळेच्या बसचा, किंवा कदंबा या सरकारी बसचा प्रवास. चौथीत पहिला हात वर करणारा मुलगा दोन महिन्यांत गप्प होतो आणि सगळे म्हणतात, शांत आहे. तो शांत नसतो. त्याला प्रश्नच कळलेला नसतो, आणि न कळल्यावर मुलाकडे तीन वाटा उरतात : गप्प बसणे, हसवणे किंवा चिडणे. या तिन्ही वाटांवर पुढे सातवी-आठवीत ज्यांना आपण ‘प्रॉब्लेम’ म्हणतो ती मुले भेटतात.

शाळा सुरू झाल्यापासूनचे पहिले सहा आठवडे पाचवीसाठी असे ठेवा. वर्गशिक्षकाचे निदान दोन तास रोज त्याच वर्गावर असावेत, त्यातला एक पहिला. उत्तर मराठीत किंवा कोकणीत आले तर ते पूर्ण स्वीकारावे आणि तेच वाक्य शिक्षकाने इंग्रजीत म्हणून दाखवावे. मुलाकडून लगेच वदवून घेऊ नये. एकट्याला उभे करून मोठ्याने वाचायला लावणे या सहा आठवड्यांत बंद, वाचन जोडीने. ‘मला कळले नाही’ हे न बोलता सांगायची एक खूण ठरवावी, उदाहरणार्थ कंपासपेटी बाकाच्या उजव्या कोपऱ्यात उभी करणे. खूण दिसली की शिक्षकाने काही न म्हणता फिरत फिरत त्या बाकापाशी जावे. पहिल्या आठवड्यात संडास, पाण्याची जागा, ऑफिस आणि बालरथ थांबतो ती जागा प्रत्यक्ष चालत दाखवावी. पोटात दुखते म्हणून ऑफिसात येणाऱ्या काही मुलांची मूळ अडचण एवढीच असते की संडास कुठे हे विचारायची लाज वाटते.

दोन आठवडे फक्त नोंद

कोणताही उपाय करण्याआधी शाळेचे दहा दिवस नुसती नोंद ठेवा. एक साधी शंभर पानी वही, सहा रकाने : वार आणि वेळ, जागा, लगेच आधी काय घडले, मुलाने काय केले, मोठ्या माणसाने काय केले, मूल शांत व्हायला किती मिनिटे लागली. एका नोंदीला एका मिनिटापेक्षा जास्त वेळ लागत असेल तर तुम्ही निबंध लिहीत आहात.

चूक होते ती चौथ्या रकान्यात. ‘उद्धट वागला’ ही नोंद नाही, मत आहे. ‘वही मागितली, त्याने ती जमिनीवर टाकली, दार उघडून गेला’ ही नोंद. मताच्या नोंदीतून पुढे काहीच निघत नाही, कारण उद्धटपणा किती वाजता सुरू झाला हे मोजता येत नाही.

शिपाईमामा, पी.टी.चे सर आणि बालरथावर मुलांसोबत असणारी बाई यांना या कामात घ्यायलाच हवे. वर्गातले भांडण पुष्कळदा सकाळी सातच्या बसमध्ये, खिडकीच्या जागेवरून सुरू झालेले असते.

वहीची मागची पाने न भडकणाऱ्या मुलांसाठी राखून ठेवा. सुट्टीत रोज एकटी बसणारी, नेमक्या एकाच तासाला बाहेर जायची परवानगी मागणारी, ठरावीक वारी डोके दुखणारी, उन्हाळ्यातही बाही ओढून मनगट झाकणारी, जिचे अक्षर आणि लिखाण महिन्याभरात अर्ध्यावर आले आहे अशी. दहा दिवसांत एकच खूण तीनदा दिसली तर वर्गशिक्षकाने त्या मुलीशी एकट्याने, पण उघड्या दाराच्या खोलीत, पाच मिनिटे बोलावे. आरडाओरडा करणाऱ्याकडे कुणाचे तरी लक्ष जातेच. आतल्या आत मिटणाऱ्या मुलांना शाळा वर्षभर चुकवते, आणि ते जास्त गंभीर आहे.

वही कुलपात राहावी. तिचे फोटो शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाता कामा नयेत.

दहा दिवसांनंतर मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि समुपदेशक यांनी वीस मिनिटे बसून फक्त मोजावे. कोणत्या तासाला जास्त, कोणत्या जागी जास्त, आणि प्रसंगानंतर मुलाला काय मिळाले किंवा तो कशातून सुटला. हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. गणिताच्या तासाला गोंधळ घातला की वर्गाबाहेर पाठवतात, असे पाचदा झाले असेल तर बाहेर उभे राहणे ही शिक्षा राहिलेली नाही. त्याला गणितापासून सुटका हवी होती, ती शाळा दर वेळी देत आहे. इथे उपाय शिस्तीचा नाही, गणिताचा आहे : त्याला येतील अशी पहिली दोन उदाहरणे, मग नवे.

पोट, पत्रे आणि पी.टी.चा तास

मुलाला भावना आवरायला शिकवण्याआधी त्या उगाच पेटवणाऱ्या गोष्टी काढून टाकणे सोपे आणि स्वस्त पडते. सकाळी साडेसहाला नुसत्या चहावर निघालेले मूल दहा वाजता चिडचिडे असणार. माध्यान्ह आहाराची केंद्राची योजना आठवीपर्यंतच्या मुलांसाठी आहे. नववी-दहावीची मुले त्यातून सुटतात आणि त्याच वयात न खाता येणे वाढते. ऑफिसात केळी, भाजलेले चणे किंवा बिस्किटे ठेवावीत आणि दोन शब्दांत विचारावे, “काय खाल्लंस?” मग हातात द्यावे. सर्वांसमोर दिलेले खाणे मूल घेत नाही.

पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखालच्या वर्गात शिक्षकाला ओरडावे लागते, मुले त्याहून वर ओरडतात, गणवेश ओला असतो आणि मैदान बंद. जून-जुलैत भांडणे वाढली तर आश्चर्य नको. पावसाची सर जोरात असेल तेव्हा बोलणे थांबवून फळ्यावर लिहून काम द्या. दर दोन तासांनी बाकाशेजारी उभे राहून तीन मिनिटे हालचाल : टाचा वर-खाली वीसदा, भिंतीला टेकून ढकलणे, खांदे फिरवणे. आणि पी.टी.चा तास पोर्शनसाठी घेऊ नका. त्या तासात वाचवलेली चाळीस मिनिटे पुढच्या आठवड्यात भांडणे सोडवण्यात जातात.

चवथीची (गणेश चतुर्थीची) सुट्टी संपवून मुले परततात तेव्हा आठवडाभराची झोप बिघडलेली असते. पहिल्या दिवशी चाचणी ठेवू नये.

एका गोष्टीवर सैल राहू नये, ती म्हणजे ‘घाटी’ हा बाहेरून आलेल्यांना हिणवणारा शब्द. कर्नाटकातून किंवा इतर राज्यांतून आलेल्या मजुरांची मुले आपल्या वर्गांत आहेत, आणि नोंदवहीत ‘अचानक मारले’ असे लिहिलेल्या प्रसंगाआधी हा शब्द किंवा त्यांच्या उच्चारांची नक्कल सापडते का ते बघा. तो ऐकू आल्यावर शिक्षकाने दर वेळी, त्याच क्षणी, एकाच वाक्यात थांबवायचे : “हा शब्द या वर्गात चालत नाही.” लांब भाषण नको. पण दहापैकी दोन वेळा ऐकून न ऐकल्यासारखे केले, तर उरलेल्या आठ वेळांचा उपयोग होत नाही.

शांत दिवशी शिकवायचे

पोहायला बुडताना शिकवत नाहीत. ज्या आठवड्यात भांडण नाही त्या आठवड्यात, सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा पंधरा-पंधरा मिनिटे पुरतात.

आधी शब्द. भावनांचा इंग्रजी तक्ता भिंतीवर लावण्यात अर्थ नाही. ‘अँग्री, सॅड, हॅपी’ या तीन डब्यांत आपल्या मुलांचे काहीच मावत नाही. वैताग, चीड, संताप हे रागाचे वेगवेगळे चढ आहेत. हिरमोड, रुसवा, हेवा, धाकधूक, हुरहूर, ओशाळणे, कानकोंडे होणे, हायसे वाटणे हे शब्द मुलांनी ऐकलेले असतात, वापरलेले नसतात. घरी कोकणी बोलणाऱ्या मुलाकडून त्याचे शब्दही घ्या : तिडक, भंय, लज, खंत, वाज आयलो (वैताग आला). मूल ज्या भाषेत रडते त्या भाषेतला शब्द त्याला आधी सापडतो, म्हणून तक्त्यावर दोन्ही लिहा. भावनेला नेमके नाव दिले की तिचा जोर थोडा ओसरतो. “मला राग आलाय”पेक्षा “सगळ्यांसमोर नाव घेतलं म्हणून मी ओशाळलो” हे वाक्य पुढचा रस्ताही दाखवते. सराव स्वतःबद्दल घेऊ नये. ‘एका मुलाने संघात नाव येईल म्हणून वाट बघितली आणि आले नाही’ असा प्रसंग द्या आणि त्याला काय वाटले असेल ते विचारा. चाळीस मुलांसमोर कुणाकडूनही घरातले काढून घेऊ नये, त्याचा दुसऱ्या दिवशी चिडवायला वापर होतो.

मग शरीर. कागदावर माणसाची आकृती काढून प्रत्येकाने आपल्याला राग किंवा भीती कुठे आधी कळते तिथे खूण करायची : कान तापणे, जबडा आवळणे, छातीत धडधड, पोटात गोळा, तळहाताला घाम. कागद शिक्षकाने बघायचा नाही. मुलाला आपली पहिली खूण ओळखता येणे हाच या तासाचा हेतू.

श्वास नीट शिकवायला वेळ द्या, कारण तो बहुतेक ठिकाणी चुकीचा शिकवला जातो. ‘मोठा श्वास घ्या’ म्हटले की मुले खांदे वर नेऊन जोराने हवा ओढतात, पाच-सहा वेळा तसे केल्यावर चक्कर येते आणि बोटांना मुंग्या येतात. मन निवते ते श्वास सोडण्याच्या लांबीने. नाकाने चार अंक मोजत घ्यायचा, सहा अंक मोजत सोडायचा, मध्ये रोखायचा नाही. एका मिनिटात सहा श्वास होतात. दोन मिनिटे, म्हणजे बारा श्वास. पोटावर हात, डोळे मिटणे ऐच्छिक. दम्याच्या मुलाने तीन-चार असे लहान आकडे घ्यावेत. काही मुलांची घालमेल श्वासाकडे लक्ष दिले की उलट वाढते. त्यांना भिंत ढकलायला द्या : दोन्ही तळवे भिंतीवर, दहा सेकंद जोर, दहा सेकंद सैल, पाचदा. किंवा नळावर जाऊन तोंडावर गार पाणी मारणे. वर्गातल्या प्रत्येकाने या तिन्हींतले आपल्याला लागू पडणारे एक निवडून वहीच्या शेवटच्या पानावर लिहावे.

हा सराव रोज ठरलेल्या वेळी हवा, मधल्या सुट्टीनंतर लगेच, शिक्षकासह. शिक्षक हजेरी भरत बसला आणि मुलांना श्वास घ्यायला लावले तर आठवड्यात त्याची थट्टा होते.

पाचव्या आठवड्यात ‘दुसरा अर्थ’. मैत्रीण समोरून गेली आणि बोलली नाही. तिच्या न बोलण्याची तीन वेगळी कारणे शोधा. सहाव्यात अडचण सोडवणे : समस्या एका वाक्यात, निदान तीन पर्याय, एक करून बघणे. पर्वरीच्या संगत या संस्थेने शाळकरी मुलांसाठी हीच तीन पायऱ्यांची पद्धत वापरली आहे. तिच्या चाचण्या दिल्लीत आणि गोव्यात झाल्या, आणि मुलांशी बोलणारे समुपदेशक मानसोपचाराची पदवी नसलेले, पण प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेले होते. म्हणजे वर्गशिक्षकालाही शिकता येण्यासारखे हे काम आहे. फक्त पर्याय मुलाकडून यावे लागतात. शिक्षकाने सुचवलेला उपाय मूल मान डोलावून घेते आणि करत नाही.

पारा चढताना

टोपण वाजू लागले, उत्तरे तुटक झाली, पाय हलू लागला, की ती तुमची दहा मिनिटे. त्या बाकाजवळून चालत जा, वहीवर बोट ठेवून हळूच म्हणा, “पहिलं उदाहरण फक्त. मग मला दाखव.” किंवा त्याला निरोपाची चिठ्ठी देऊन ऑफिसात पाठवा. चालणे, कारण, सुटका, तिन्ही एका चिठ्ठीत मिळतात.

चढ पुढे गेला असेल तर समोरासमोर उभे राहू नका, बाजूला, हातभर अंतरावर, शक्य तर बसून. आवाज त्याच्यापेक्षा खाली. एक वाक्य, सात-आठ शब्दांचे, आणि मग मनात दहा अंक मोजत थांबा. हे थांबणे अवघड वाटते, शिक्षक तिसऱ्या सेकंदाला पुन्हा बोलतात आणि मुलाला तो दुसरा हल्ला वाटतो. दोन पर्याय द्या, दोन्ही तुम्हाला चालणारे : “पाणी पिऊन येतोस, की इथेच दोन मिनिटं बसतोस?” ‘शांत हो’, ‘का केलंस?’, ‘सगळे बघतायत’ ही तीन वाक्ये या वेळी बंद. ‘का’ला उत्तर देणारा मेंदूचा भाग त्या क्षणी कामावर नसतो.

भडका उडालाच तर त्या मुलाला हलवू नका, बाकीच्यांना हलवा. “सगळे लायब्ररीत, रांगेत.” प्रेक्षक गेले की निम्मा जोर जातो. कुणाला इजा होत नसेल तर त्याला धरू नका. दुसऱ्या मोठ्या माणसाला बोलवायची चिठ्ठी आधीच ठरवून ठेवा, म्हणजे ओरडून बोलवावे लागणार नाही. नंतर शरीर पूर्ण निवायला वीस-तीस मिनिटे किंवा जास्त वेळ लागतो. मूल गप्प झाले म्हणजे निवले असे नव्हे. याच काळात माफी मागायला लावली, किंवा त्याच्यासमोर घरी फोन लावला, तर दुसरा भडका होतो, आणि तो पहिल्यापेक्षा मोठा असतो.

शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. कान पकडून उभे करणे, सर्वांसमोर नावे ठेवणे यात येतेच, पण कायदा बाजूला ठेवला तरी त्याने काम होत नाही : लाज ही रागाची सगळ्यांत जवळची वाट आहे.

निवांत कोपरा

वर्गाच्या मागच्या बाजूला, खिडकीजवळ, व्हरांड्यातून न दिसणारी, पण शिक्षकाच्या नजरेतली जागा. एक चटई किंवा खुर्ची, पाण्याची बाटली, पाच मिनिटांचे वाळूचे घड्याळ, दाबायला मऊ चेंडू, कोरा कागद आणि पेन्सिल, भावनांचा तक्ता. मोबाइल नाही, गोष्टीचे पुस्तक नाही; कोपरा वर्गापेक्षा मजेचा झाला की तिथे रांग लागते. एका वेळी एकच, पाच ते सात मिनिटे, दिवसातून दोनदा. घड्याळ संपले की मूल आपोआप परत येते, शिक्षक फक्त मान डोलावतो.

हा कोपरा दोन प्रकारे मरतो. एक, कुणीतरी रागाने म्हणते “जा तिकडे”, आणि तो त्या दिवसापासून शिक्षेची जागा होतो. दुसरे, तिथे काय करायचे हे कधी शिकवलेलेच नसते. पहिल्या आठवड्यात वर्गातल्या प्रत्येकाने, शांत असताना, एकदा तिथे जाऊन घड्याळ उलटवून बसून यावे.

दुसऱ्या दिवशी

प्रसंगावर बोलायचे ते दुसऱ्या दिवशी सकाळी, दहा मिनिटे. चार प्रश्न : काय झाले? त्याआधी शरीरात पहिल्यांदा काय जाणवले? कुणाला त्रास झाला? आता काय दुरुस्त करता येईल? दुरुस्ती कृतीत असावी, जसे फाटलेली वही स्वतः चिकटवून देणे. वर्गासमोरचे ‘सॉरी’ पाठ होते आणि काहीच दुरुस्त करत नाही.

रोजचे कार्ड

एवढे सगळे आठ आठवडे नीट चालल्यावरही काही मुलांच्या नोंदी कमी होत नाहीत. त्यांच्यासाठी रोजचे कार्ड. सकाळी वर्ग सुरू होण्याआधी एका ठरलेल्या माणसाला भेटायचे, दोन मिनिटे : झोप झाली का, खाल्ले का, आजचे ध्येय काय. हा माणूस मुलाने निवडावा. ग्रंथपाल किंवा क्लार्क असला तरी चालेल, मात्र तो रोज शाळेत असणारा हवा. दिवसाचे चार भाग, तीन ध्येये. ध्येये करण्याची असावीत : ‘मारामारी करणार नाही’ऐवजी ‘चिडलो की कंपासपेटी उभी करेन’. प्रत्येक ध्येयाला प्रत्येक भागात ०, १ किंवा २ गुण, म्हणजे दिवसाचे २४. पहिले चार दिवस नुसते मोजा. सरासरी ११ आली तर पहिले लक्ष्य १३ किंवा १४ ठेवा, १९ नव्हे. चार आठवड्यांत हळूहळू १९ पर्यंत, म्हणजे सुमारे ८० टक्क्यांपर्यंत आणा. पहिल्याच दिवशी ८० टक्के मागितले तर मूल तिसऱ्या दिवशी कार्ड फाडते, आणि आपण म्हणतो की त्याला फरक पडत नाही.

मिळालेले गुण कधीही काढून घ्यायचे नाहीत. बक्षीस पैशाचे नको : मैदानावर दहा मिनिटे जास्त, संध्याकाळच्या सरावाला चेंडूंची पिशवी सांभाळणे. शाळा सुटताना पुन्हा दोन मिनिटे भेट. कार्ड घरी पाठवायचे का हे घर बघून ठरवा. कमी गुणांवर घरी मार बसणार असेल तर कार्ड शाळेतच राहू दे.

घरच्यांशी

पहिला फोन चांगल्या गोष्टीसाठी असावा. ज्या आईला शाळेचा फोन फक्त तक्रारीसाठी येतो ती तो उचलत नाही, किंवा उचलून घरी मुलाला झोडपते. बोलताना स्वभाव नको, वेळ आणि शरीर सांगा : “ताई, मंगळवारी आणि गुरुवारी चौथ्या तासाला त्याचं डोकं दुखतं. घरी त्या दिवशी काही वेगळं असतं का?” वडील बोटीवर किंवा आखातात असतील तर ते यायच्या आणि जायच्या तारखांच्या आसपास मूल ढासळते, ती तारीख वहीत असू द्या. घरात दारूचा प्रश्न असेल तर तो मुलाने सांगितला असे पालकांना कधीही कळू देऊ नका. मागणी तीनच ठेवा : झोपताना मोबाइल खोलीबाहेर, सकाळी काहीतरी खाणे, आणि शाळेतल्या प्रसंगाबद्दल घरी दुसरी शिक्षा नाही.

शाळेने एकट्याने पेलू नये असे

जगू नये असे बोलणे किंवा लिहिणे, अंगावर कापून घेतल्याच्या खुणा, दोन आठवड्यांहून जास्त न उठणारी उदासी, खाणे-झोपणे तुटणे, कुणी दुखापत करत असल्याची खूण. मरणाचा विचार येतो का, हे सरळ शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला जागा मिळते. उत्तर हो असेल तर त्या मुलाला एक क्षणही एकटे सोडू नये, पालकांना बोलावून त्यांच्या हातात द्यावे, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे. बांबोळीची मानसोपचार संस्था, जिला सगळे आयपीएचबी म्हणतात, तिथे नेता येते. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा फोन चोवीस तास चालतो, मुलांसाठीचा १०९८, तातडीला ११२. हे तीन आकडे ऑफिसाच्या भिंतीवर आणि मुलामुलींच्या संडासांच्या दारामागे लावा. व्हरांड्यातल्या फलकापुढे कुणी आकडा उतरवून घेत उभे राहत नाही.

लैंगिक अत्याचाराचे काही कळले तर पॉक्सो कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाप्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणे गुन्हा. शाळेने आधी आपली चौकशी करत बसायचे नाही, मुलाकडून पुन्हा पुन्हा वदवायचे नाही. म्हणूनच ‘कुणाला सांगणार नाही’ असे वचन कुठल्याच मुलाला देऊ नये. बोलणे सुरू होण्याआधी सांगावे : “तू सांगशील ते माझ्याजवळ राहील. तुला किंवा कुणाला धोका असेल तर मात्र मला मदत बोलवावी लागेल, आणि ती कुणाकडून ते मी तुला आधी सांगेन.”

समुपदेशकाकडे अनेकदा एकाहून अधिक शाळा असतात. त्याच्या वाराची वाट बघत मूल थांबू नये, पण तो येईल तेव्हा नोंदवहीतली दोन पाने त्याच्या हातात तयार असावीत. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायचा आहे, आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक जोडणी ठेवायची आहे. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत हा मुद्दा लेखी मांडता येतो.

काय मोजायचे

आठ आठवड्यांनी वहीतला सहावा रकाना आधी बघा. प्रसंगांची संख्या उशिरा कमी होते. शांत व्हायला लागणारी मिनिटे आधी उतरतात. चाळीसवरून पंचवीसवर आली असतील तर काम लागू पडत आहे, सोडू नका. संख्या उतरली पण मागच्या पानांवरची मुले वाढली, तर वर्ग शांत झालेला नाही, दबला आहे.

वर्ष संपताना प्रत्येक कार्डाच्या मुलासाठी पुढच्या वर्गशिक्षकाला तीन ओळींची चिठ्ठी द्या : त्याची पहिली खूण कोणती, त्याला काय लागू पडते, त्याचा माणूस कोण. प्रसंगांची यादी त्यात नको. पाचवीत येणाऱ्या मुलांसाठी हीच तीन उत्तरे गावातल्या प्राथमिक शाळेच्या टीचरकडून, शाळा सुरू होण्याआधी, एका फोनवर मागून घ्या.